सहल लेकराच्या उंचीवरून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की तुमच्या पर्यटनाच्या पानावर एका दिवसात काय काय बघून होतं याची यादी येते, आम्ही ती कापून ठेवतो आणि त्याच हिशोबाने मागच्या आठवड्यात गाडी घेऊन निघालो. मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची लेक. चार दिवसांतला दुसरा दिवस फक्त बघण्यासाठी ठेवलेला, सहा पॉइंट, सकाळी सातला निघून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. त्या एका दिवसात जे दिसलं ते कुणाला तरी सांगायलाच हवं असं वाटतंय म्हणून लिहितेय.

घाट लागल्यावर लेक कंटाळायला लागली म्हणून मीच तिच्या हातात मोबाईल दिला. पाच-सहा वळणं झाली असतील, एकदम गप्प झाली, कपाळाला घाम, ओठ पांढरे, आणि नवऱ्याने गाडी बाजूला घेईपर्यंत उलटी झालीच. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी जास्त लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, वळतोय, आणि डोळे स्क्रीनवर खिळलेले असले की ते सांगतात सगळं स्थिर आहे, या दोघांचं जुळलं नाही की मळमळ सुरू. यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे लांबवर बाहेर बघणं. हे मला आधीपासून माहीत होतं. पण ती बाहेर बघणार कशी? सीटवर बसली की तिचं डोकं खिडकीच्या खालच्या कडेला जेमतेम लागतं, तिला दिसतं ते समोरच्या सीटचं पाठ आणि वर थोडंसं आभाळ.

मुलांना उंच बसवणारी बूस्टर सीट आमच्याकडे होती, पण बॅगांना जागा हवी म्हणून त्या दिवशी डिकीत टाकली होती. चूक माझीच. आजचा तीन ठिकाणी धरणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलीन नावाच्या इंजिनियरनी 1959 साली आणला, तो मोठ्या माणसाच्या अंगाच्या मापाचा. सात वर्षांचं मूल असतं साधारण 120 सेंमी, त्याच्या गळ्याशी तो पट्टा येतो आणि खालचा पट्टा कमरेच्या हाडाऐवजी पोटावर चढतो. म्हणून तर बऱ्याच देशांत मूल 135 किंवा 150 सेंमी होईपर्यंत बूस्टर लागतोच असा कायदा आहे. उलटीनंतर बॅगा डिकीत गेल्या, बूस्टर बाहेर आला, ती वर बसली आणि पहिल्यांदा तिला दरी दिसली. पुढच्या दीड तासात एकदाही मळमळलं नाही, "आई ती नदी बघ, आता इकडे आली, आता तिकडे गेली" हे मात्र अखंड चालू होतं.

हा उंचीचा विषय मग दिवसभर माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

पहिला पॉइंट दरीच्या कडेचा. रेलिंग साधारण 110 सेंमीचं असतं, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तेवढं हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सात वर्षांच्या मुलाचे डोळे बरोब्बर त्याच उंचीवर येतात. म्हणजे आम्ही तिघं समोरचा धबधबा बघत "अगं बघ ना, किती मस्त" करत होतो आणि तिच्या डोळ्यांसमोर होता गंजलेला आडवा पाइप. आधी ती टाचा उंचावून बघत होती, मग खाली बसून दोन आडव्या गजांच्या मधून, मग एक पाय खालच्या गजावर ठेवून चढायलाच लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. आजूबाजूला बघितलं तर तेच, एका बाबांनी दोन-अडीच वर्षांचा मुलगा चक्क वरच्या पाइपवर बसवला होता, एका हाताने धरलाय आणि दुसऱ्या हाताने फोटो. त्या बाबांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, त्यांना पोराला धबधबाच दाखवायचा होता. आडवे गज म्हणजे मुलांसाठी आयती शिडी. तेच गज उभे असले, मधली फट 10 सेंमीच्या आत असली, तर चढता येत नाही, डोकं अडकत नाही आणि पलीकडचं सगळं दिसतं. बऱ्याच देशांत बांधकामाच्या नियमांत ही 10 सेंमीची फट लिहिलेलीच आहे. नवीन रेलिंग करायचंच असेल तर उभे गज लावायला असं काय जास्त लागतं, मला खरंच कळत नाही.

दुसरं ठिकाण संग्रहालय. चित्रं लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर येईल असं बघायची पद्धत आहे, उभ्या माणसाच्या नजरेला ते बरोबर बसतं. नाण्यांच्या काचपेट्या आडव्या, वरून बघायच्या, त्यांची कड लेकीच्या हनुवटीला लागत होती. तिने नाक काचेला टेकवलं, श्वासाने काच धुरकटली, तिने बाहीने पुसली, परत टेकवलं, परत धुरकटली. तीन वेळा असं झाल्यावर म्हणाली, "आई, मला उचल." उचललं. 23 किलो आहे ती आता, चौथ्या पेटीला माझी कंबर गेली आणि तिचा इंटरेस्टही गेला. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरांना कुठे कळतंय यातलं." मी त्यांना म्हटलं, आई, तिला दिसलंच नाही तर कळणार कुठून?

हे आजचं नाही बरं का. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी 1916 साली संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला वस्तूंबद्दलचे प्रश्न देऊन उत्तरं शोधायला लावली आणि त्यासाठी त्याला कुठे वाकावं लागतं, कुठे उकिडवं बसावं लागतं, कुठे मान तिरकी करावी लागते याचे फोटो काढले. वस्तू आणि पाट्या चुकीच्या जागी लावल्यामुळे माणूस दमतो हे त्यांनी त्या फोटोंतून दाखवलं. तो तर धडधाकट मोठा माणूस होता. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून पोरालाच "चंचल आहे, लक्ष नाही" म्हणतो.

तिसरा पॉइंट म्हणजे किल्ला, आणि तिथे सगळं उलटं झालं. यादीप्रमाणे आम्ही तिथे वीस मिनिटं देणार होतो, वर बुरूज, फोटो, खाली. दरवाजातून आत गेल्यावर लेक तटाच्या भिंतीशी थांबली आणि हलेचना. तिच्या छातीइतक्या उंचीवर एका दगडावर छोटा त्रिकोण कोरलेला होता. बोट फिरवून बघितलं तिने, मग पुढच्या दगडावर बाणासारखी खूण, मग एक फुली. आम्ही तिघंही त्या भिंतीला घासून पुढे गेलो होतो, एकालाही दिसलं नव्हतं. तिथल्या वयस्कर पहारेकरी काकांनी तिला नीट सांगितलं की या पाथरवटांच्या खुणा, कुणी कुठला दगड घडवला ते कळावं आणि मजुरीचा हिशोब लागावा म्हणून कोरलेल्या असतात. जगभरातल्या जुन्या दगडी इमारतींवर अशा खुणा सापडतात. मग काय, पुढचा दीड तास ती भिंतीला धरून चालली. अकरा खुणा सापडल्या. त्यातल्या दोन सारख्याच होत्या, एक दरवाजाजवळ आणि एक पार पलीकडच्या पायऱ्यांपाशी, तेव्हा तिने ओरडूनच सांगितलं, "हा तोच काका आहे! तो इथपर्यंत आला होता!"

बुरुजावर आम्ही गेलोच नाही. उरलेले तीन पॉइंटही राहिले. नवऱ्याला सुरुवातीला वाईट वाटलं, एवढं पेट्रोल जाळून आलो वगैरे, पण ती दोन सारख्या खुणांची भानगड झाल्यावर तोच मोबाईलचा टॉर्च घेऊन तिच्यामागे वाकून फिरत होता.

परतताना चहाला थांबलो तर ती गाढ झोपलेली. कुणीतरी म्हणालं झोपू दे गाडीत, काच थोडी खाली ठेवा, पाच मिनिटांत तर येताय. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत 10 अंशांच्या आसपास तापमान चढू शकतं, काच थोडी खाली ठेवून विशेष फरक पडत नाही आणि मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. तिला उचलून घेतलं आणि खांद्यावरच ठेवलं. प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाने हे तेवढं लक्षात ठेवा, हात जोडून सांगते.

आता मागणं. जी मंडळी ही ठिकाणं सांभाळतात त्यांनी एकदा गुडघ्यांवर बसून आपल्याच दालनातून, आपल्याच रेलिंगपाशी एक फेरी मारावी. काचपेटीसमोर 20-25 सेंमीची एक भक्कम पायरी ठेवली तरी निम्मा प्रश्न सुटतो. पाट्यांच्या खाली, मीटरभर उंचीवर, मोठ्या अक्षरात दोन ओळी मुलांसाठी लिहा, एखादा प्रश्न लिहा, "यात कुठे काय लपलंय शोध" असं काहीही. बसायला सावलीत बाक ठेवा. हात धुवायचं बेसिन एक तरी खाली लावा.

आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे. पर्यटनाच्या पानावर ठिकाणाबद्दल लिहिताना पायऱ्या किती, सावली कुठे, टॉयलेट आहे का, आणि मुलाच्या उंचीवरून तिथे काय दिसतं हे चार ओळींत द्या. एका दिवसात सहा ठिकाणं असं छापण्यापेक्षा एका ठिकाणी दिवसभर काय काय सापडेल हे छापलंत तर आम्ही तेही कापून ठेवू. लेकीने वहीत त्या अकरा खुणा काढून ठेवल्यात, दोन सारख्यांना लाल गोल केलाय, आणि त्या पाथरवट काकाचं नाव काय असेल हे रोज विचारतेय.

आपली वाचक,
एका सात वर्षांच्या मुलीची आई