रेन्यारचं नाटक करशील का?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुमच्या ग्रुपला फार्स हवाय, पण घासून गुळगुळीत झालेला नको, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि लगेच एक नाव डोक्यात आलं: फ्रेंच नाटककार झाँ-फ्रांस्वा रेन्यार. त्याच भाषेतला थोर विनोदी नाटककार मोलिएर आपल्याकडे अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे घरोघरी पोचला. त्याच्यामागून आलेल्या या माणसाला मात्र आपल्याकडे कुणी विचारलं नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॅरिसच्या एका सधन व्यापाऱ्याचा हा मुलगा, जन्म १६५५चा. आयुष्य असं की नाटकात घातलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. १६७८मध्ये इटलीहून परतताना समुद्री चाच्यांनी जहाज पकडलं, अल्जियर्सला नेऊन याला गुलाम म्हणून विकलं. खंडणी भरून सुटला. १६८१मध्ये मित्रांबरोबर थेट युरोपच्या उत्तर टोकाला, लॅपलँडला गेला आणि तिथल्या दगडावर लॅटिन ओळी कोरून आला: जिथे जगच संपलं तिथे आम्ही थांबलो, अशा अर्थाच्या. मग पॅरिसमध्ये सरकारी खजिनदाराचं पद विकत घेतलं आणि नाटकं लिहायला बसला. पोटासाठी लिहायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. १६८८पासून इटालियन नटमंडळींसाठी लिहिलं. १६९७मध्ये राजाने त्या मंडळींना हाकलून दिलं, पण तोवर कॉमेदी-फ्रान्सेझ या पॅरिसच्या राजाश्रयी नाट्यसंस्थेचं दार त्याला उघडलं होतं.

१६९६चं ‘जुगारी’ वाचच. व्हालेरला प्रेयसी आंजेलिकने आपलं हिरेजडित चित्र दिलेलं असतं, आणि हा ते एका सावकारणीकडे गहाण टाकतो. पुढे डाव जिंकून खिसे भरून येतो. नोकर एक्टोर म्हणतो, आता तरी चित्र सोडवा. हा टाळतो, कारण पैसा पुढच्या डावाला लागणार! मग सगळं हरल्यावर एक्टोरला रोमन तत्त्वज्ञ सेनेका वाचायला बसवतो, आणि प्रकरण निघतं संपत्तीच्या तिरस्कारावरचं. शेवटी ते चित्र आंजेलिकच्याच समोर येतं आणि ती व्हालेरच्या काकाशी लग्न ठरवते. व्हालेर सुधारत नाही. प्रेमात गेलं ते कधीतरी जुगार भरून देईल, असं म्हणत निघून जातो. पश्चात्तापाचं भाषण न लिहिण्याची ही हिंमत मला फार मोठी वाटते. (पूर्वी रेन्यारबरोबर लिहिणाऱ्या द्युफ्रेनीने कल्पना चोरल्याचा आरोप केला आणि त्याच विषयावर आपलं नाटक आणलं. ते पडलं.)

१६९७चं ‘विसराळू’ही आधी पडलंच होतं, १७३१मध्ये पुन्हा केलं तेव्हा चाललं. त्याच्या जर्मन प्रयोगासाठी संगीतकार हायडनने १७७४च्या सुमाराला संगीत दिलं. शेवटच्या भागात व्हायोलिनवाले वाजवता वाजवता थांबतात आणि तारा जुळवू लागतात, जणू विसरलेच होते. जरूर ऐक.

पण तुमच्यासाठी माझं मत १७०८च्या वारसाच्या नाटकाला. म्हातारा जेरोंत मृत्युपत्र न करताच बेशुद्ध पडतो. नोकर क्रिस्पँ त्याचा झगा-टोपी चढवून अंधाऱ्या खोलीत बसतो आणि नोटरींना मृत्युपत्र सांगतो. इस्टेट पुतण्याला, पण मध्येच स्वतःला वर्षासन आणि मोलकरणीलाही घसघशीत रक्कम! पुतण्या जळफळतो, पण बोलणार कसा? तेवढ्यात म्हातारा शुद्धीवर येतो. हे मी कधी लिहिलं, असं विचारतो, तर सगळे एका सुरात सांगतात, तुमच्या गुंगीत. विचारवंत रुसोने १७५८मध्ये या नाटकावर अनीतीचा ठपका ठेवला. त्याच काळातला लेखक व्होल्तेर, त्याचं म्हणणं मात्र असं की ज्याला रेन्यार रुचत नाही तो मोलिएरचं कौतुक करायला लायक नाही. मी व्होल्तेरच्या बाजूने.

१७०९मध्ये फ्रान्समधल्या दुर्दाँ गावाजवळच्या आपल्या वाड्यात रेन्यार वारला.

मृत्युपत्राच्या प्रवेशाचं मराठी करायला घेतलंय. मूळ पद्यात आहे, मी गद्यात करतोय. संवादांचा वेग टिकला पाहिजे. क्रिस्पँ तूच करावास असं मला वाटतं. तालमीला किती जण येतात आणि दोन नोटरी मिळतील का, ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत