पडदा ओढून तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

रोजच्या गर्दीत आम्ही तुम्हाला आठवणारही नाही. पोळ्यानंतर तुमच्या नागपूरच्या वॉर्डात आलेली, ताप, डोकं ठणकतंय म्हणणारी, उठली की भोवंडणारी आणि काखेत सुजलेली गाठ असलेली बाई माझी आई.

तुमच्याआधीच्या डॉक्टरांनी तिचा आजार आपसांत वाटून घेतला होता. एकाने डोकेदुखीला टेन्शन म्हटलं, दुसऱ्याने चक्कर मानेच्या मणक्यांवर ढकलली, तिसऱ्याने गाठ लांबूनच पाहून तिच्यादेखत कॅन्सरचं नाव काढलं. सलाइन मात्र सगळ्यांनी लावलं!

तुम्ही मला बाहेर पाठवलंत, पडदा ओढलात आणि तिला विचारलंत, "ताई, निंदणाला जाता का?" स्तनाखाली काळी खपली सापडली, विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही; आणि दुखली असती तरी पोरासमोर, परक्या पुरुषांसमोर ती बोलणार होती थोडीच? गवतातल्या बारीक माइटची अळी बरेचदा अशाच झाकल्या जागी चावते आणि जवळची गाठ सुजते, हे तुम्हीच नंतर समजावलंत. त्या चाव्यातून होणारा ताप, स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात याच भागात त्याने माणसं नेली, तरी इथल्याच डॉक्टरांना तो आठवू नये? तुम्ही रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू केलंत. 48 तासांच्या आत ताप उतरला, मग चक्करही गेली. गाठ तेवढी सावकाश बसली.

औषधाचे उपकार आहेतच. पण पडदा सरकवण्याआधी तुम्ही स्वतः तिच्या ब्लाउजची बटणं लावलीत, पदर सारखा केलात, मगच मला हाक मारलीत. आजाराचं नाव आईला अजून धड घेता येत नाही, पदराची गोष्ट मात्र ती आळीतल्या प्रत्येकीला सांगते. गरीब बाईलाही लाज असते हे धरून चालणारी माणसं भेटली की दवाखान्याची भीतीच अर्धी होते.

आता गावातल्या बाया निंदणाहून आल्या की एकमेकींचं अंग बघतात. त्यातल्या दोघी खपली दाखवायला तुमच्याकडे निघाल्यात. एकीचं मला तरी साधं गळू वाटतंय, पण तिला रागावू नका.

तुरीच्या शेंगा भरल्या की आई पिशवी पाठवणार आहे. नियमात बसत नसेल तर तिला तुम्हीच सांगा, माझं ती ऐकत नाही.

तुमच्या पेशंटचा मुलगा