गाडी मागून उचलताना ब्रेकचा होज कुणी बघतं का?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत उंच केलेल्या जीपगाड्यांचे फोटो आले होते. टायर, बंपर, विंच यांवर भरपूर मजकूर होता. मागच्या एक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं पाट्यांचं, म्हणजे गाडीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं, काम केलं. गेल्या जूनमध्ये पुतण्या त्याची जुनी फोर बाय फोर घेऊन दारात आला. पाटे हाऊसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या लोखंडी आवरणाच्या, वर बसणारी गाडी. "काका, साठच्या पुढं गेली की खालनं घुमतेय." शहरातल्या एका गॅरेजात त्यानं ती मागून चार इंच उचलून घेतली होती, आणि दोन दिवसांनी पोरं घेऊन सडावाघापूरच्या घाटानं उलट्या धबधब्याला निघणार होता.

गाडी जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबू दिली. ब्रेकचा रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, तारेसारखा ताठ झाला आणि फिटिंगच्या तोंडाशी नखाएवढी चीर उघडी पडली. माझ्या पोटात गोळा आला. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला (चॅसीला) टांगणारी कडी, दोन इंच लांब केलेली. त्यानं गाडी एकच इंच उचलते. उरलेले तीन इंच म्हणजे पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये घातलेले चौकोनी पाइपचे वेल्ड केलेले ठोकळे. असा उंच ठोकळा असला की जोरात ब्रेक मारताना हाऊसिंग पिळतं, पाटा नागमोडी होतो. इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट तिरका झालेला, दोन्ही टोकांचे कोन जुळत नव्हते. शाफ्टचा मागचा क्रॉस, म्हणजे फिरता सांधा, हातानं हलवला तर टोपीतून तांबूस भुकटी गळली. घुमत होतं ते हेच.

ठोकळे काढून टाकले. जास्त कमानीचे नवे पाटे बसवले आणि दोन इंचांवर थांबलो. होज आणि शॉकअप लांब घेतले, कोन जुळवायला पाट्याखाली पाचर दिली. यू-बोल्ट नवेच घातले, एकदा ताणलेले परत वापरू नयेत. शॅकलचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळले, नाहीतर त्यातले रबरी बुश पिळून फाटतात. तीनशे किलोमीटरनंतर त्याला परत बोलावलं, तेव्हा यू-बोल्टचा एक नट पाव फेरा फिरला.

काही गाड्यांना मागे वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. एक्सल आणि चॅसीमधलं अंतर वाढलं की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. गाडीत पाच माणसं आणि सामान असतं, आणि उतारावर जास्तीचा भार पुढच्या ब्रेकवर येतो. त्याची दांडी नव्यानं जुळवावीच लागते. जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीला मागे एक्सलला चॅसीशी जोडणारा आडवा रॉड असतो. गाडी उचलली की तो एक्सलला एका बाजूला ओढतो. तिथं स्प्रिंगला फक्त स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, घालून भागत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. पण खासगी गाडी नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला जाते, तोवर तिच्याखाली वाकून बघायला सक्तीनं कुणी सांगत नाही. गाड्या उंच करून घेणाऱ्या पोरांना कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि आपला अंक ती वाचतात.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा लेख छापताना त्यात एक फोटो गाडीच्या खालून काढलेला असू द्या, मागची चाकं पूर्ण लोंबलेली आणि ब्रेकचा होज स्पष्ट दिसेल असा. काढायला गाडी हवी असेल तर पुतण्याची माझ्या दारातच उभी असते.

आपला,
एक निवृत्त एसटी कारागीर, पाटण (जि. सातारा)