बाबा, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हं, हं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला विचारते, जेवलीस का. म्हणून पत्र लिहायला बसले. शेजारचा मुलगा उद्या पहाटेच्या गाडीने सांगलीला निघालाय, त्याच्या हाती देते.

ज्या टेम्पोने आईला धडक देऊन तिचं खुब्याचं हाड मोडलं, तो चालवणाऱ्या पोराचे मामा घरी येऊन गेल्याचं आईकडून कळलं. पेढे, वीस हजार रुपये आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर. त्यावर आधीच टाइप केलेलं, "आमची कोणतीही तक्रार नाही व यापुढे नुकसानभरपाई मागणार नाही." पेढे खाल्ले असतील तर असू देत. पैसे घेऊ नका आणि सही करू नका. बुधवारी ते परत येतील तेव्हा "मुलगी शनिवारी येतेय, तिला विचारून सांगतो" एवढंच म्हणा. वाईटपणा माझ्यावर ढकला, मला चालेल.

बाबा, तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पोरगा तेवीस वर्षांचा आहे, त्याचं आयुष्य कशाला बरबाद करायचं. मेडिक्लेमने बराचसा खर्च दिलाय. आणि आईचं म्हणणं याहून वाईट: "मी कुठे कमावते? माझं काय नुकसान झालंय?"

ऑफिसमधल्या मैत्रिणीची बहीण वकील आहे, अपघाताच्याच केसेस चालवते. या आठवड्यात दोन संध्याकाळी तिच्यापाशी वही घेऊन बसले. त्यातलं जे आपल्या उपयोगाचं, ते लिहिते.

आधी त्या पोराचं. पोलीस केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा. दावा चालतो मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे, म्हणजे आपल्या विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात, आणि तो आपण राहतो तिथे लावता येतो. कोणाला तुरुंगात घालायचं हा प्रश्न तिथे नसतोच. आईचं नुकसान किती आणि ते कोणी भरायचं, एवढंच ठरतं. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो याचसाठी. गाडीचा नंबर मी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून पाहिला, त्या टेम्पोचा विमा चालू आहे. म्हणजे पैसे द्यायचेत विमा कंपनीने. पोराच्या घरावर जप्ती येणार नाही, मामांना कर्ज काढावं लागणार नाही. मामांनाही हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. शनिवारी आले तर मीच सांगेन. वीस हजारही त्यांचे त्यांना परत.

आता तक्रारीचं. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद झाली, हे नशीब. पण पोलीस आले तेव्हा तुम्ही "आपसात बघतो" म्हणालात आणि एफआयआर राहिला. आज एकोणीस दिवस झाले. उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. घरच्यांची धावपळ आधी दवाखान्याकडे असते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच मान्य केलंय. पण आणखी थांबायचं नाही. उद्याच पोलीस ठाण्यात जा. नाहीच घेतला एफआयआर, तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. घेतला तर प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

२०२२ पासून नियम असा आहे की अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी पहिला अहवाल प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. गाडीचे कागद, लायसन, विमा, पंचनामा, नकाशा, सगळं त्यात. म्हणजे तुम्हाला वाटतं तितकी कागदांची वणवण आपल्या वाट्याला येत नाही, फक्त सुरुवात आपण करायला हवी. दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्या भरवशावर बसायचं नाही.

आणि बाबा, या केसमध्ये सगळ्यात मोठा साक्षीदार तुम्ही आहात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं ब्रेक उघडलेत तुम्ही. अपघाताच्या संध्याकाळी शंभर फुटी रस्त्यावर जाऊन तुम्हीच पाहून आलात ना, की टायरची खूण आई पडली त्या जागेच्या पुढे सुरू होते? म्हणजे त्याने ब्रेक दाबला तो धडक बसल्यावर. हे तुम्ही मला फोनवर सांगितलंत आणि पुढच्याच वाक्यात "जाऊ दे" म्हणालात. पोलिसांना सांगा. बंटीला मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगितलंय. थोड्या दिवसांनी त्यावर नवीन चढतं, आहे का अजून ते उद्याच कळेल.

आई, तू सगळ्यांना सांगत सुटलीयस की माझंच चुकलं, मी पिशवीकडे बघत होते. जबाबात जे घडलं तेच सांग, एक अक्षर जास्त नको आणि कमी नको. पण चूक कोणाची हे तू ठरवू नकोस. आणि तुझी थोडी चूक निघाली, तरी भरपाईतून तेवढा हिस्सा वजा होतो, दावा संपत नाही.

आता तुझं ते वाक्य. मी कुठे कमावते.

मला वाटलं होतं वकीलबाई इथे मान हलवतील. त्या म्हणाल्या, याच मुद्द्यावर तर सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा लिहिलंय. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात आग लागून बरीच माणसं गेली, त्या खटल्यात २००१ साली कोर्टाने घर सांभाळणाऱ्या बायकांच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली. पुढे २०१० मध्ये म्हटलं की गृहिणीचं काम पैशात मोजत नाहीत म्हणून ते फुकटचं ठरत नाही. आणि जानेवारी २०२१ च्या निकालात तर सरकारच्या २०१९ च्या पाहणीतले आकडेच दिले: घरातल्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७. (बाबा, ९७ मिनिटं! चहाचा कप बेसिनपर्यंत नेणं धरूनसुद्धा आपल्या घरात एवढी भरायची नाहीत.)

हिशोब कसा करतात तेही विचारून घेतलं. बासष्टाव्या वर्षाला सातचा गुणक लागतो, तो तक्ता सुप्रीम कोर्टानेच २००९ मध्ये ठरवून दिलाय. समजा तुझ्या कामाची किंमत महिना दहा हजार धरली आणि खुब्याच्या हाडामुळे तुझी काम करण्याची ताकद तीस टक्के गेली असं मानलं. वर्षाचे एक लाख वीस हजार, त्याचे तीस टक्के छत्तीस हजार, गुणिले सात. दोन लाख बावन्न हजार. हे फक्त कामाचे. दवाखान्याचा खर्च, औषधं, रिक्षा, दिवसाची बाई, खाणंपिणं, पुढे रॉड काढावा लागला तर तो खर्च, सोसलेल्या वेदना, हे सगळं वेगळं धरतात. वर दावा लावल्यापासूनचं व्याज. माझे आकडे उदाहरणाचे आहेत, नेमकं काय मिळेल ते कोणी आज सांगू शकत नाही. पण वीस हजार आणि पेढे, हा हिशोब नक्की चुकलाय.

ती टक्केवारी नुसती एक्स-रेवरून ठरत नाही. उपचार संपल्यावर डॉक्टरांचा दाखला लागतो, पण पायात किती टक्के दोष राहिला यापेक्षा त्यामुळे कोणती कामं बंद झाली हे कोर्ट बघतं. म्हणून एक दोनशे पानी वही करा. मांडी घालता येत नाही, विळीवर बसता येत नाही, माळ्यावरचा डबा काढता येत नाही, यंदा कुरडया आणि हळदीचं काम बंद, हे तारखेनिशी लिहा. स्वयंपाकाच्या मावशींना महिन्याचे पैसे देता त्याची पावती सही करून घ्या. त्या हसतील, पण घ्या. आईच्या कामाची किंमत काय, याचा त्याहून चांगला पुरावा कुठला? मावशी फक्त पोळीभाजी करून जातात, हेही वहीत येऊ दे. बाबांची इन्सुलिनची वेळ, आजीचं अंथरूण, गॅसचा नंबर लावणं, हे त्यांच्या पगारात नाही.

मेडिक्लेमचं ऐका. "एकाच खर्चाचे दोनदा पैसे घेणं बरं नव्हे," असं बाबा म्हणतात. हाच वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला होता. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत. तो हप्ता तुम्ही पेन्शनमधून भरलाय बाबा, टेम्पोच्या विमा कंपनीवर उपकार म्हणून नाही.

सावध राहायच्या दोन गोष्टी. हाड मोडणं ही कायद्यात गंभीर दुखापत धरतात आणि चूक कोणाची हे सिद्ध न करताही अशा दुखापतीला अडीच लाख मिळायची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे. ऐकायला बरं वाटतं, पण ते एकदा स्वीकारलं की मोठा दावा तिथेच संपतो. तेव्हा विमा कंपनीचा माणूस घरी येऊन गोड बोलला तरी वकिलांना दाखवल्याशिवाय कशावरही सही नको. दुसरं म्हणजे दवाखान्याच्या जिन्यात कार्ड देऊन गेलेला तो माणूस, "खर्च काही नाही, मिळालं तर तीस टक्के." भरपाईत वाटा ठरवून फी घ्यायला वकिलांना मुळात परवानगीच नाही. ते कार्ड फेकून द्या. आईला तर वकील फुकट मिळू शकतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. ते ऑफिसही कोर्टातच असतं, हेल्पलाइन १५१००.

वर्षानुवर्षं तारखा पडतील ही तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वेळ लागतो. तडजोड हवी असेल तर ती लोकअदालतीत करता येते, तिथे अपघाताचे दावे बरेच मिटतात. पण तिथला निवाडा शेवटचा, त्यावर अपील नाही. म्हणून आकडा पटला तरच हो म्हणायचं. मिटवायला माझी ना नाहीच. पण मिटवायचं ते कोर्टात, सगळे कागद समोर ठेवून. आपल्या हॉलमध्ये पेढ्याच्या बॉक्सवर कागद ठेवून नाही.

एक गोष्ट हातची गेली, तिची रुखरुख लागून राहिलीय. मे २०२५ पासून अपघातानंतरचे पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमून दिलेल्या दवाखान्यांत रोख पैसे न भरता उपचार मिळायची केंद्र सरकारची योजना आहे. त्या संध्याकाळी बाबा एटीएमच्या रांगेत उभे होते आणि मला इथे बसून हे माहीत नव्हतं. गल्लीत सांगून ठेवा.

मी शनिवारी सकाळी पोचते. दवाखान्याची फाइल, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, अगदी रिक्षाचे कागदसुद्धा एका पिशवीत घालून ठेवा. आणि तो स्टॅम्प पेपर मामा ठेवून गेले असतील तर रागाने फाडू नका, जपून ठेवा, वकीलबाईंना दाखवायचाय.

आई, वॉकर घेऊनच उठ. ओट्याशी उभी राहतेस हे मला मावशींनी सांगितलंय.

तुमची,
सुमा

ता. क. – आई, हे पत्र बाबांनी तुला मोठ्याने वाचून दाखवलं असेल, तर ९७ मिनिटांचं ते कंसातलं वाक्य त्यांनी गाळलं का, ते मला उद्या फोनवर सांग.