दुरुस्ती कट्ट्याबद्दल मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बिघडलेल्या वस्तू लोकांनी एकत्र बसून दुरुस्त कराव्यात म्हणून तुम्ही काढताय त्या दुरुस्ती कट्ट्याला वाचनालयाची मागची खोली मिळतेय, हे उत्तम झालं. पण तू म्हणतोस तशी थ्रीडी प्रिंटरसाठी (सुटे भाग छापणारं यंत्र) वर्गणी काढायची घाई नको. मार्टिना पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. त्याचं मर्म यंत्रांत नव्हतं. वस्तूचा मालक दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसतो, यात होतं. तोच नियम धरा. वस्तू ठेवून जायची मुभा दिलीत, तर दोन महिन्यांत खोलीचं भंगारचं गोदाम होईल.

आधी सिरीज बोर्ड, म्हणजे वस्तूला बल्बमधून वीज देऊन बिघाड तपासायचा बोर्ड, करून घ्या. फेजच्या वायरमध्ये होल्डर, त्यात १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब (एलईडी चालत नाही), पुढे सॉकेट. न्यूट्रल थेट सॉकेटला. मिक्सर लावला आणि त्याचं बटण बंद असतानाच बल्ब पेटला, तर वायर शॉर्ट. बटण फिरवूनही बल्ब ढिम्म, तर सर्किट कुठेतरी तुटलंय: आधी तळाचं लाल ओव्हरलोड बटण दाबून बघा, मग कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे). मात्र मिक्सर किंवा इस्त्री धडधाकट असली तरी चालू केल्यावर बल्ब चांगलाच पेटतो. नवखे हमखास त्यालाच शॉर्ट समजतात. आणि या बल्बमुळे फ्यूज वाचतो, माणूस नाही. शॉक तेवढाच जीवघेणा. म्हणून टेबलाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

पंखा हळू फिरतो म्हणून येणारे पुष्कळ असतील. बहुतेकदा कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा डबा) उतरलेला असतो. जुन्यावर मायक्रोफॅरडमध्ये लिहिलेल्या क्षमतेचाच नवा घाला. जास्तीचा घातला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी, तापतं. मायक्रोवेव्ह मात्र उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो, स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने.

गावातला मिक्सरवाला नाराज होईल, त्याला आधीच भेटा. रिवाइंडिंगची (ही तार नव्याने गुंडाळायची) कामं त्याच्याकडेच पाठवा, आणि महिन्यातून एकदा मानधन देऊन शिकवायला बोलवा. कट्ट्याच्या पाटीवर ‘मोफत दुरुस्ती’ लिहू नका. लोक पिशवी टेकवून बाजारात निघून जातात.

वायरमनकडून खोलीचं अर्थिंग तपासून घे नि कळव, मग टेबलांचं बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश