काका, त्या जत्रेच्या रात्रीसाठी

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

कार्तिकातल्या जत्रेत तुम्ही स्वतःचा निकॉन डी750 माझ्या गळ्यात अडकवलात आणि म्हणालात, "आधी ह्येच्यान काढून बघ गो, मगे पैशे घाल." ते वाक्य मी विसरणार नाही.

दुकानात मला सांगितलं होतं की फुल फ्रेम, म्हणजे तुमच्या डी750 सारखा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतला की फोकसची चिंता मिटते, आणि जुन्या लेन्स सगळ्या विकायच्या. साठवलेले सगळे पैसे घेऊन मी निघालेच होते.

पालखी देवळाभोवती फिरून आत गेली, पायपेटी वाजू लागली, दशावतारातला राजा बाकड्यावर येऊन बसला. मला तो डाव्या कडेला हवा होता आणि उजवीकडे पखवाजवाला. फोकसचा चौकोन डावीकडे सरकवत नेला, तर तो मध्येच अडला. राजाच्या चेहऱ्यापर्यंत पोचेचना. माझ्या छोट्या सेन्सरच्या डी7200 वर त्याच जागी चौकोन सहज गेला असता! मग मधल्या चौकोनाने फोकस धरून कॅमेरा वळवला. 50 एमएमची लेन्स, तोंड मोठं उघडून एफ 1.8 वर. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर डोळे मऊ आणि कानातली कुंडलं कातीव.

दुसऱ्या दिवशी पडवीत तुम्ही एक आगपेटी आधी पोस्टकार्डावर ठेवलीत, मग वहीच्या पानावर. दोन्ही कॅमेऱ्यांत फोकसचे चौकोन, म्हणजे पॉइंट, 51च; त्यातले 15 क्रॉस, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. फोकस मोजणारं यंत्र आरशाखाली तळाशी बसतं, मोठ्या आरशामागच्या छोट्या आरशाकडून त्याला उजेड मिळतो. फ्रेम पोस्टकार्डाची वहीचं पान झाली, फोकसच्या चौकोनांची आगपेटी तेवढीच राहिली. आणि डोळे का बिघडले तेही तुम्ही आकड्यांनी दाखवलंत: दोन मीटरवर फोकस धरून कॅमेरा 15 अंश वळवला, की फोकस जवळजवळ 7 सेंटीमीटर मागे जातो. एफ 1.8 ला तेवढ्यात डोळा जातो. कडेचा माणूस हवा असेल तर लेन्सचं तोंड थोडं लहान करून एफ 2.8 वर ये, किंवा थोडं सैल काढून नंतर काप, हे तुम्ही सांगितलंत आणि मी तेच करते आहे.

काळ्या वेशातल्या संकासुर राक्षसावर फोकस का घुटमळतो, हेही तेव्हाच कळलं. सपाट काळ्या कापडावर धरायला काही नसतं, म्हणून कापडाची कड आणि मधले क्रॉस पॉइंट.

मी आरसा नसलेल्या (मिररलेस) कॅमेऱ्याचा विचार करत होते. त्यात फोकस सेन्सरवरच होतो, निकॉनच्या झेड6 मध्ये तर फ्रेमची जवळपास 90 टक्के रुंदी व्यापली जाते. तुम्ही तो वाईट म्हणाला नाहीत. फक्त माझी 50 एमएमची डी लेन्स हातात घेऊन त्यावरचा छोटा स्क्रू दाखवलात. हिला फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात लागते. डी750 मध्ये ती आहे, पण एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स झेडवर बसवणारा जोड) लावून झेडवर ही हातानेच फोकस करावी लागेल. माझ्याकडची 70-300 ची लेन्स मोठ्या फ्रेमला पुरते, हेही तुम्हीच तपासलंत. विकायची निघाली ती फक्त 18-140, कारण ती डीएक्सची, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची. ती लावली की डी750 आपोआप कापून सुमारे 10 मेगापिक्सेलवर येतो.

डी7200 मात्र विकू नको, असं तुम्ही दोनदा बजावलंत. देवबागच्या किनाऱ्यावर 70-300 त्यावर 450 सारखी लांब दिसते, आणि कुरव पक्षी कडेने उडत आले तरी चौकोन तिथे पोचतो. कालच सकाळी खाडीच्या तोंडाशी समुद्र गरुड मासा घेऊन गेला. फ्रेमच्या अगदी टोकाला होता, आणि पिसं मोजता येतील असा आला आहे.

डी750 मी सेकंडहँडच घेतला. उरलेल्या पैशांत घराची कौलं परतून झाली, आई तुम्हाला आठवणीने नमस्कार सांगते.

राजाचा नवा फोटो आणि गरुडाचा, दोन्ही छापून ठेवलेत. येत्या रविवारी घेऊन येते.

तुमची,
पडवीतली विद्यार्थिनी