धाकट्याच्या रेसच्या वहीबद्दल आई-बाबांना

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर मला एकच प्रश्न दोनदा विचारलात : घोड्यांच्या शर्यतीत सारखा हरणाऱ्या धाकट्याचे नशीब फिरले आहे, की त्याची पैज लावण्याची पद्धतच चुकीची आहे? त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आईला हे पत्र वाचून दाखवा आणि वाटल्यास धाकट्यालाही वाचू द्या. त्याच्यापासून लपवावे असे यात काहीही नाही.

त्याने वहीच्या पानांचे जे फोटो मला पाठवले, ते मी नीट पाहिले आहेत. प्रत्येक शर्यतीत ज्या घोड्यावर सर्वांत जास्त पैसा लागलेला असतो त्या फेव्हरिटकडे पाहायचे, त्याची मागच्या शर्यतींतली कामगिरी आणि जॉकी, म्हणजे त्याचा स्वार, आपल्या नियमांत बसत असेल तरच पैज लावायची, अशी त्याची पद्धत आहे. नोंदी त्याने प्रामाणिकपणे ठेवल्या आहेत, हरलेल्या पैजाही लपवलेल्या नाहीत. पुण्याचा पावसाळी हंगाम संपून मुंबईचा सुरू झाला आणि तेव्हापासून सलग बारा-तेरा पैजा गेल्या, तेव्हा तो घाबरला. मला मात्र त्या ओळीचे आश्चर्य वाटले नाही. फेव्हरिट घोडा साधारणपणे तीन शर्यतींतून एक जिंकतो, म्हणजे दोन हरतो. असे गणित असताना कोणी तीनशे पैजा लावल्या, तर त्यांत कोठेतरी सलग अकरा-बारा हारी येणे हे अपेक्षितच असते. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना हेच पटवून देणे मला सर्वांत जड जाते. त्यामुळे, आई, कोणाची दृष्ट लागली किंवा ग्रह फिरले असे मनात आणू नकोस, आणि त्यासाठी कोणाकडे काही विचारायलाही जाऊ नकोस.

पण याच ठिकाणी धाकटा उलटा निष्कर्ष काढतो आहे आणि मला त्याची खरी काळजी वाटते. इतक्या हारी झाल्या, आता जीत यायलाच हवी, असे तो म्हणतो. पुढच्या शर्यतीतल्या घोड्याला मागच्या शर्यतीत कोण हरले हे ठाऊक नसते. त्याची जिंकण्याची शक्यता होती तेवढीच राहते. बारा हारींनंतर पुढच्या तीनशे पैजांत नेहमीप्रमाणे शंभर जिंकल्या, तर एकूण तीनशे बारांत शंभर जिती होतील. ते प्रमाण पुन्हा एक-तृतीयांशाच्या जवळ येईल खरे, पण त्या बारा हारींची भरपाई कोणी केलेली नसेल, त्या फक्त मोठ्या संख्येत विरून गेलेल्या असतील.

भरपाईसाठी त्याने जो मार्ग काढला आहे, म्हणजे हरले की पुढचा डाव दुप्पट करायचा, तो तर ताबडतोब थांबवला पाहिजे. शंभर रुपयांपासून सुरुवात करून दुप्पट करत गेल्यास सलग दहा हारींनंतर 1,02,300 रुपये गेलेले असतात आणि अकराव्या पैजेला 1,02,400 रुपये लावावे लागतात. ती पैज बरोबरीच्या भावाने, म्हणजे लावले तेवढाच नफा देणाऱ्या भावाने, जिंकली, तरी सगळ्या खटाटोपानंतर हाती नफा राहतो तो शंभर रुपयांचा. बाबा, दोन एकर वावर गहाण ठेवण्याची जी भाषा तो करतो आहे, ती या अकराव्या पैजेसाठी आहे.

आता पद्धतीबद्दल. हारींची एक ओळ पाहून पद्धत वाईट ठरवता येत नाही, हे मी धाकट्याच्या बाजूने स्पष्ट लिहिते. पद्धत वाईट ठरते ती भाव आणि कर यांच्या हिशेबात. रेसकोर्सवर कायदेशीर पैज लावली, तर 22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो 28 टक्के होता. समजा, भाव अगदी न्याय्य, म्हणजे एकाला दोन (शंभर लावले तर दोनशे नफा) मिळाला, आणि घोडा तीनांतून एकदा जिंकला. शंभराच्या तीन पैजांना करासह 420 रुपये गेले आणि एका जितीचे, मूळ शंभर धरून, 300 आले. कोणतीही चूक न करता 120 रुपयांचा तोटा झाला. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. त्यात बऱ्याचशा शर्यती हँडिकॅपच्या असतात. चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन दिले जाते, जेणेकरून सर्वांची शक्यता शक्य तितकी सारखी व्हावी. म्हणजे मागची कामगिरी पाहून धाकटा ज्या घोड्यावर भरवसा ठेवतो, तीच कामगिरी पाहून त्या घोड्याचे ओझे वाढवलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले आहे, हे तो नेहमी सांगतो आणि ते खरे आहे. मात्र एखाद्या खेळात कौशल्य लागते म्हणून त्यात पैसा लावणाऱ्याला नफा होतोच असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही. तालुक्याच्या ज्या माणसाकडे तो फोनवरून पैजा लावतो, तो कर घेत नाही हेही त्याचे म्हणणे आहे. तो माणूस आपला नफा भावातच कापून घेतो, आणि परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवाराबाहेर अशा पैजा घेणे हा 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

धाकट्याचे एक वाक्य तुमच्याही मनाला लागले असणार, कारण ते तुम्ही मला जसेच्या तसे सांगितलेत : दोन साल नापिकी झाली तरी तिसऱ्या साली आपण पेरतोच ना, मग हे का नको? या वाक्यावर मी फार विचार केला. आपल्या भागात शेतीला जुगार म्हणण्याची सवय झाली आहे आणि सोयाबीनचा भाव पाहिल्यावर तसे म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. तरी हे दोन्ही सारखे नाहीत. कपाशी बुडाली तरी वावर आपल्याकडे राहते, त्यात तूर येते, हरभरा येतो, आणि बियाण्याच्या प्रत्येक थैलीमागे कोणी आधीच चाळीस टक्के काढून घेत नाही. आणि, बाबा, गेल्या साली बुडाले म्हणून यंदा त्याच एकरात दुप्पट बियाणे तुम्ही कधी टाकले आहे का? धाकट्याला हा प्रश्न तुम्हीच विचारा. माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून तो त्याला अधिक समजेल.

त्याच्याशी बोलताना मात्र आवाज चढवू नका. हरत असलेला माणूस घरात अपमान झाला की तो भरून काढण्यासाठी आणखी मोठी पैज लावतो. आई, तू त्याला आपल्या पाटल्या देऊ केल्या होत्यास, हे त्यानेच मला सांगितले. तुझी माया मला कळते, पण त्या देऊ नकोस. त्याऐवजी रोज रात्री त्याच्यासोबत जेवायला बस. त्याची झोप उडाली आहे असे तू म्हणालीस, म्हणून 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदत सेवेचा क्रमांक लिहून ठेव. तो सरकारी आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जुगाराचे व्यसन हा मान्यता असलेला आजार आहे, त्यावर उपचार असतो, आणि त्यासाठी फोन करण्यात कमीपणा नाही.

पैजेची थकबाकी मागायला कोणी दारात आले, तर घाबरू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणून त्या पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही. धमकी दिली तर सरळ पोलिस ठाण्यात जा. विनापरवाना सावकाराकडून एक रुपयाही घेऊ नका. अशा सावकारीत गेलेली जमीन परत मागण्याची तरतूद 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात आहे आणि तो अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, पण त्या वाटेने जाण्याची वेळच येऊ नये. पीक कर्जाचे पैसे खात्यात जमा झाले की खताचे आणि फवारणीचे बिल त्याच आठवड्यात भरून टाका.

तुरीची काढणी झाली की मी येत आहे. धाकट्याने वही फाडू नये एवढे मात्र बघा, कारण प्रत्येक पैजेपुढे भाव आणि कर लिहून संपूर्ण हिशेब मला त्याच्या शेजारी बसून करायचा आहे. तोपर्यंत कोणी कितीही आग्रह केला तरी सातबारा कोणाच्या हाती देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

तुमची लेक